सहा कलमांचा परवाना

डोंगरापलीकडच्या एका गावात सहा कलमांचा एक ड्रायव्हर राहत होता. गावाचं नाव सोनदरा आणि ड्रायव्हरचं नाव तुळशीराम खोपडे. त्याच्या परवान्यावर सहा प्रकारची वाहनं लिहिलेली होती. मोटारसायकल, मोटार, ट्रॅक्टर, रोडरोलर, मालट्रक आणि बस. गाव त्यांना कलमं म्हणायचं. आसपासच्या गावांत कोणाकडे एक कलम होतं, कोणाकडे दोन. सहा फक्त तुळशीरामकडे होती.

ती त्याला कोणी बसल्याजागी आणून दिली नव्हती. रोलरच्या कलमासाठी तो एक अख्खा उन्हाळा डांबराच्या धुरात राबला होता. बसचं कलम मिळालं त्या दिवशी त्याने घरी येऊन आधी हातपाय धुतले आणि मगच तो परवाना बायकोच्या हातात ठेवला. सोनदऱ्यातली बत्तीस लहानमोठी मुलं खिंडीपलीकडच्या शाळेत शिकत होती. त्यांच्यासाठी सगळ्या गावाने मिळून एक बस घेतली होती. ती बस तुळशीराम चालवायचा. सकाळी सात वाजता बस देवळापुढून निघाली की आया निर्धास्त होऊन चुलीकडे वळायच्या.

गावात एक पद्धत होती. दसऱ्याला बस धुऊन, झेंडूच्या माळा घालून तिची पूजा व्हायची. बसपुढे एक पाट मांडत. पाटावर पाना, जॅक आणि तुळशीरामचा परवाना. तो हळद-कुंकवाचं बोट टेकवायचा आणि मुलं कवितेसारखी सहा कलमं एका सुरात म्हणायची. शेवटचं 'बस' म्हणताना तर देवळावरची कबुतरं उडायची. मग वर्षभर ते कार्ड काचेच्या वर, प्लॅस्टिकच्या पाकिटात लटकत राहायचं. त्यावरचं कुंकू कोणी पुसत नसे.

त्या कार्डावर दोन तारखा होत्या. वरची तारीख पहिल्या चार कलमांची. ती अजून पाच वर्षं लांब होती. खालची तारीख मालट्रक आणि बस या दोन कलमांची. ती मात्र दसऱ्याच्या दहा दिवस आधीच उलटून गेली होती. ही गोष्ट गावात एकट्या तुळशीरामला ठाऊक होती.

नूतनीकरण अवघड नव्हतं. एक अर्ज करायचा आणि डॉक्टरचा दाखला जोडायचा. तुळशीरामला भीती त्या दाखल्याचीच होती. दाखला देण्याआधी डॉक्टर भिंतीवरची अक्षरं वाचायला लावतात. आणि गेल्या वर्षभरापासून तुळशीरामला लांबचं नीट दिसत नव्हतं. ऊन समोरून आलं की सगळा रस्ता दुधात बुडाल्यासारखा व्हायचा. त्याच्या वडिलांचे डोळे असेच गेले होते. शेवटची नऊ वर्षं ते ओट्यावर बसून होते आणि कोणीतरी हात धरल्याशिवाय उठत नव्हते. ते हात धरणं तुळशीरामच्या डोळ्यांपुढून जात नव्हतं.

बायको इंदू म्हणाली, "चहाच्या कपाऐवजी आज पाण्याच्या तांब्याला हात घातलात. डोळे दाखवून या एकदा."

"धूळ गेली असेल," तुळशीराम म्हणाला.

"वर्षभर धूळच जातीय व्हय?"

तो चहा संपवून बाहेर पडला. दसऱ्याच्या दिवशी पाटापुढे बसला, कुंकवात बोट बुडवलं आणि या वेळी ते कार्डाच्या कोपऱ्यात टेकवलं नाही. नेमकं खालच्या तारखेवर टेकवलं. अंगठ्याने जरा दाबलंही. मुलं सहा कलमं म्हणत होती. सहावं कलम ऐकताना त्याच्या कानशिलावरून घाम निथळला. लोकांना वाटलं, ऊन कडक आहे.

त्या दिवसापासून पहाटे जाग आली की पहिला विचार यायचा तो खिंडीतल्या वडाच्या वळणाचा. रस्ता पूर्वेला जायचा आणि त्या वळणावर उगवता सूर्य नेमका काचेवर यायचा. तिथून पुढचा अर्धा मैल तुळशीराम डोळ्यांनी कमी आणि आठवणीने जास्त चालवायचा. डावीकडे मैलाचा दगड, मग मोरी, मग पडकी विहीर. रस्ता जागचा हलत नाही हे खरं. पण रस्त्यावरच्या गोष्टी रोज हलतात, हेही त्याला कळत होतं.

म्हणून त्याने एक युक्ती काढली. मुलांसाठी एक खेळ सुरू केला. पुढच्या सीटवर बसणाऱ्याने रस्त्यात जे दिसेल ते सगळ्यांआधी ओरडून सांगायचं. दगडाला एक गुण, म्हशीला दोन, समोरून येणाऱ्या गाडीला तीन. मुलांना खेळ फार आवडला. पुढची सीट बहुतेक वेळा कार्तिकीला मिळायची. ती मेंढपाळाची मुलगी होती. डोंगराच्या धारेवरचं हरवलेलं कोकरू ओळखणारी तिची नजर होती. ती म्हणायची, "काका, मोरीवर सायकल." आणि तुळशीरामचा पाय हलकेच ब्रेकवर जायचा. मुलं हसायची, गुण मोजायची. कोणाला कळलं नाही की बस बारा वर्षांच्या मुलीच्या डोळ्यांवर चालली आहे.

पहिलीपासून मोठ्या बहिणीबरोबर येणारी ईश्वरी एकदा रुसून म्हणाली, "सारखं दगड आणि म्हशी. मोराला का गुण नाहीत?"

तुळशीरामला गंमत वाटली. "मोराला दहा," तो म्हणाला. खेळात रंगत आली. एवढ्या साध्या शब्दाची किंमत पुढे काय होणार आहे, हे त्याला तेव्हा सुचलं नाही.

उसाचा हंगाम सुरू झाला. रस्त्यावर उसाने लादलेल्या बैलगाड्या दिसू लागल्या. तुळशीरामची झोप आणखी उडाली. रोज बस देवळापुढे परत उभी केली की तो स्टिअरिंगवर कपाळ टेकवून थोडा वेळ बसायचा. स्वतःला सांगायचा, येत्या सोमवारी जाऊन दाखला घेऊ. सोमवार यायचा. मुलं बसमध्ये चढायची. सोमवार जायचा.

अशाच एका सकाळी कार्तिकी आली नाही. तिच्या मावशीचा साखरपुडा होता. पुढची सीट रिकामी दिसताच ईश्वरी धावत येऊन बसली. कितीतरी दिवस ती या सीटची वाट बघत होती. तिने दप्तर मांडीवर घेतलं, मान ताठ केली आणि म्हणाली, "काका, आज मी सगळं सांगते."

तुळशीरामच्या मनात आलं, आज बस काढू नये. पण मुलं बसली होती, आया हात हलवत होत्या, आणि बस न काढण्याचं कारण सांगायला त्याच्याकडे तोंड नव्हतं. त्याने किल्ली फिरवली.

ईश्वरीने दगड सांगितला. शेळी सांगितली. वडाचं वळण आलं आणि काच पांढरी झाली. तुळशीरामने वेग कमी केला, तळव्यांचा घाम पँटला पुसला.

"काय दिसतंय, ईश्वरी?"

ती बोलली नाही.

"अगं, काय दिसतंय?"

"मोर," ईश्वरी आनंदाने म्हणाली. "काका, ज्वारीत मोर. दहा गुण."

पाठीमागची सगळी मुलं उजव्या खिडक्यांकडे झुकली. आणि त्याच क्षणी तुळशीरामला समोरच्या पांढऱ्या उजेडात एक मोठा काळा ढीग दिसला. त्याने दोन्ही पायांनी ब्रेक दाबला. बस ओरडत, घसरत पुढे गेली. दप्तरं उडाली. पाण्याच्या बाटल्या सीटखालून गडगडत आल्या.

बस थांबली तेव्हा पुढे एक उसाची बैलगाडी होती. तिचं चाक निखळलं होतं. गाडीमागे एक ऊसतोड बाई ओणवी होऊन दुसऱ्या चाकाला दगडाचा अडसर लावत होती. बसच्या नाकात आणि तिच्या पाठीत एका हाताचं अंतर होतं. ती सावकाश उठली. हातातला दगड तिने अजून सोडला नव्हता.

तुळशीराम खाली उतरला.

बाईने आधी बसकडे बघितलं, मग आपल्या गाडीकडे, मग त्याच्याकडे. तिच्या आवाजात राग नव्हता, नुसतं नवल होतं. "दादा, उसानं भरलेली गाडी दिसली न्हाई व्हय तुम्हाला?"

या प्रश्नाचं खरं उत्तर एका शब्दाचं होतं. तुळशीरामच्या तोंडून ते निघालं नाही. कारण तेवढ्यात बसमधून मुलं ओरडू लागली होती. "काकांनी कसला ब्रेक मारला. काकांनी वाचवलं." त्याने चाक बसवायला मदत केली आणि पायी चालणाऱ्याच्या वेगाने बस शाळेत नेली.

संध्याकाळपर्यंत ती गोष्ट गावभर झाली. तोंडोतोंडी ती वाढतही गेली. सूर्य डोळ्यांत, गाडीला लाल फडकं नाही, मोडकं चाक, आणि तरीही तुळशीरामने हातभर अंतरावर बस थांबवली. दुसरा कोणी असता तर बत्तीस घरांत अंधार झाला असता. शाळेतून निवृत्त झालेल्या अनसूयाबाई बस समितीच्या प्रमुख होत्या. त्यांनी ठरवलं, रविवारी देवळापुढे तुळशीरामचा शाल-नारळ देऊन सत्कार करायचा.

भिकाजी तात्या कट्ट्यावरून म्हणाले, "सहा कलमांचा गडी आहे. एका कलमाच्या माणसाचं हे काम नव्हे."

तुळशीरामने मान खाली घातली. लोक म्हणाले, किती नम्र आहे बघा.

शनिवारपर्यंत बस दुरुस्तीच्या नावाखाली त्याने उभी ठेवली. ब्रेक तपासायचे आहेत असं सांगितलं. ब्रेकमध्ये काहीच बिघाड नव्हता. या चार दिवसांत एक मोह त्याला सारखा टोचत राहिला. आता गप्प राहिलो तर कोणी कधी विचारणारही नाही. शाल मिळेल, परवान्यावरचं कुंकू आणखी पक्कं होईल. मग गुपचूप जाऊन डोळे दाखवता येतील. नाहीतर नाही.

शनिवारी दुपारी तो बसची काच पुसत होता. पायरीपाशी ईश्वरी येऊन उभी राहिली. तिचे डोळे रडून सुजले होते.

"काय गं, रडतेस का?"

"काका, मी आईला सांगितलं नाही."

"काय?"

"मी मोर बघत होते. गाडी मला दिसली होती. पण तिला तीनच गुण होते. येणाऱ्या गाडीला तीन, आणि ती तर उभी होती. मला वाटलं तिला गुणच नाहीत." तिने पायरीची दांडी घट्ट पकडली. "ती बाई मेली असती ना? माझ्यामुळे."

तुळशीरामच्या हातातलं फडकं खाली पडलं. आपली भीती आपण कुंकवाखाली लपवली आणि तिचा भार या सात वर्षांच्या पोरीच्या उरावर जाऊन बसला. ती चार दिवस झोपली नसणार. तो पायरीवर बसला, म्हणजे त्याचा चेहरा तिच्या चेहऱ्यासमोर आला.

"तुझ्यामुळे नाही," तो म्हणाला. "रस्ता बघणं तुझं काम नव्हतंच. ते माझं होतं. मी तुला खेळ म्हणून दिलं."

"का?"

"मला दिसत नाही म्हणून."

एवढं बोलायला त्याला एक वर्ष लागलं होतं. ईश्वरीने नाक पुसलं आणि विचारलं, "मग उद्या शाल घेणार तुम्ही?"

रविवारी देवळापुढे गाव जमलं. पाट मांडला होता. पाटावर शाल, नारळ आणि बसमधून काढून आणलेला परवाना. अनसूयाबाईंनी मुलांना खूण केली. मुलांनी सुरुवात केली. मोटारसायकल, मोटार, ट्रॅक्टर, रोडरोलर.

"थांबा," तुळशीराम म्हणाला. "पुढची दोन म्हणू नका."

त्याने पाकिटातून कार्ड काढलं. अंगठा जिभेला लावला आणि दसऱ्याचं कुंकू घासून पुसलं. पुढच्या रांगेतली एक म्हातारी कळवळली. पूजेचं कुंकू असं कोणी पुसत नाही. कार्ड त्याने अनसूयाबाईंच्या हातात दिलं.

"बाई, खालची तारीख मोठ्याने वाचा."

बाईंनी चष्मा लावला. तारीख वाचली. मग मनातल्या मनात महिने मोजले आणि त्यांचा चेहरा उतरला.

"कुंकू मी मुद्दाम तिथे लावलं," तुळशीराम म्हणाला. "दाखला आणायला गेलो नाही, कारण डॉक्टरने डोळे तपासले असते. मला लांबचं दिसत नाही. ऊन समोर आलं की काहीच दिसत नाही. त्या दिवशी मी कोणाला वाचवलं नाही. ती बाई नशिबाने वाचली, आणि तुमची मुलंही. एवढे दिवस ही बस कार्तिकी बघत होती आणि मी नुसता चाक धरून होतो."

मग एका आईने आपलं पोर ओढून पोटाशी धरलं. ते बघून तुळशीरामला कोणी थोबाडीत मारली असती तर बरं, असं वाटलं.

भिकाजी तात्या म्हणाले, "सहा कलमं म्हणून मिरवत होतास ना, तुळशा? दोन मेलेली होती आणि त्यातल्याच एकावर आमची नातवंडं बसवलीस."

"होय तात्या."

"आणि वर होय म्हणतोस."

"खोटं काय म्हणू आता?"

अनसूयाबाईंनी शालीची घडी पुन्हा नीट केली. "ही मी घरी नेते," त्या म्हणाल्या. "तुला दिलेला मान होता तो परत घेतला, हे समजून घे. पण कुंकू पुसायला आलास, हेही मी लक्षात ठेवीन." मग त्यांनी हात पुढे केला. तुळशीरामने बसची किल्ली त्यांच्या तळहातावर ठेवली.

दुसऱ्या दिवसापासून मुलं खिंडीतून चालत शाळेत जाऊ लागली. जायला पाच मैल, यायला पाच. पाय दुखले की मुलं कुरकुरायची आणि आया तुळशीरामच्या दारावरून जाताना ऐकू येईल असं बोलायच्या. तो घरात बसला नाही. रोज मुलांबरोबर चालला. लहानांची दप्तरं त्याच्या खांद्यावर असायची. वडाच्या वळणावर ऊन डोळ्यांत आलं की तो थांबायचा आणि कार्तिकीला विचारायचा, "काय दिसतंय?" आता तो खेळ नव्हता. ती खरं उत्तर द्यायची आणि मगच रांग पुढे जायची.

सतरा दिवसांनी शेजारच्या गावचा एक ड्रायव्हर मिळाला. त्याच्याकडे एकच कलम होतं, बसचं. पण त्याची तारीख चालू होती आणि नजर साफ होती. बस पुन्हा सुरू झाली. तुळशीराम रोज पहाटे जाऊन ती धुऊन ठेवायचा आणि तपासणीच्या दिवशी मग इंदूबरोबर शहराच्या दवाखान्याची गाडी पकडायचा. डॉक्टर म्हणाले, मोतीबिंदू आहे, काढता येतो. ज्या गोष्टीला तो वर्षभर घाबरला होता, ती एवढीच होती. आधी एक डोळा झाला, महिन्या-दीड महिन्याने दुसरा. पट्टी सुटली त्या सकाळी त्याने खिडकीतून बाहेर बघितलं आणि इंदूला म्हणाला, "तुझ्या कपाळावर केस पांढरे झालेत."

"ते तुमच्यामुळेच झालेत," इंदू म्हणाली.

सगळ्या तपासण्या झाल्या. दाखला मिळाला. अर्ज मंजूर झाला. खालची तारीख नवी होऊन आली. तरीही तुळशीराम किल्ली मागायला गेला नाही. दुसरा ड्रायव्हर उन्हाळ्यात आपल्या गावी परत गेला तेव्हा अनसूयाबाई स्वतः त्याच्या दारी आल्या. त्यांनी किल्ली दिली नाही. आधी त्याला देवळापुढे नेलं, वीस पावलं मागे उभं केलं आणि शाळेच्या फळ्यावर बारीक अक्षरात लिहिलेली सहा ओळींची कविता वाचायला लावली. सगळं गाव बघत होतं. त्याने एकही शब्द न चुकता वाचली. चौथ्या ओळीत बाईंची वेलांटी चुकली होती, तीही सांगितली.

"किल्ली घे," बाई म्हणाल्या.

शालीचा विषय कोणी काढला नाही. ती अजून बाईंच्या कपाटात आहे.

त्यानंतरच्या दसऱ्याला पाट मांडला गेला. तुळशीरामने कुंकवाचं बोट कार्डाच्या अगदी कडेला टेकवलं. दोन्ही तारखा उघड्या राहिल्या. मुलांनी कलमं म्हणायच्या आधी त्या दोन तारखा वाचल्या. ती पद्धत सोनदऱ्यात तेव्हापासून पडली. आणि पाटापुढची पहिली गोष्ट आता पूजा नसते. ड्रायव्हर वीस पावलांवर उभा राहतो आणि फळा वाचतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी बस खिंडीकडे निघाली. पुढच्या सीटवर ईश्वरी बसली होती. वडाचं वळण आलं. ऊन काचेवर आलं. तिने सवयीने सीटची दांडी घट्ट धरली आणि रस्त्यावर नजर रोखली. उजवीकडे शेताच्या बांधावर मोर उभा होता. तिने मान वळवली नाही.

तुळशीराम म्हणाला, "ईश्वरी, उजवीकडे मोर आहे."

"मी रस्ता बघतेय, काका."

"तू मोर बघ," तो म्हणाला. "रस्ता बघायला मी आहे."

तात्पर्य: स्वतःपुरता मिळालेला अधिकार वर्षानुवर्षं चालतो, पण दुसऱ्याचा जीव हाती घेण्याचा अधिकार पुन्हापुन्हा तपासून घ्यावा लागतो, आणि ती तपासणी जो भीतीने टाळतो, त्याची भीती त्याच्यावर विसंबलेल्यांना वाहावी लागते.